त्याला गादी नको, हे ठरवलं कुणी?

अमळनेर तालुक्यातल्या एका 23 वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापायचं नाही, असं त्यानं बजावलंय. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तो पुस्तकांच्या गाळ्यांवर हिंडला. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आपल्या मातीतली, जादूची, चांगली जाडजूड कादंबरी काही हाती लागली नाही, म्हणून त्यानं स्वतःच लिहायला घेतली. तापीसारख्या नदीच्या काठी एक राज्य आहे. थोरला राजपुत्र लढाईत पडतो आणि गादी 17 वर्षांच्या धाकट्याकडे येते. त्याचे पाय जन्मापासून ताठर, कुबड्यांशिवाय चालता येत नाही. त्याला राजा व्हायचंच नाही. रिवाज असा की नव्या राजानं नदीच्या पाण्याची घागर घेऊन गढीच्या 101 पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढायच्या. शेवटी डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडात त्याचे पाय बरे होतात, तो पायऱ्या चढतो आणि राज्याभिषेक होतो.

एका निवृत्त शिक्षकांना हा शेवट फार आवडला. कॉलेजच्या मित्रानं उलट सुनावलं: तू धडधाकट, तुला या विषयाला हात घालायचा अधिकारच नाही, लोक सोलून काढतील. आणि ज्या मावसबहिणीला डोळ्यांपुढे ठेवून हा राजा लिहिला (वय 16, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवरचा ताबा कमी, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर), तिनं आठ प्रकरणं वाचून वही परत केली आणि म्हणाली, ‘तो राजा तुना शे, मना नही.’ (तो राजा तुझा आहे, माझा नाही.) तेव्हापासून तिला या विषयावर बोलायचंच नाही, असं तो लिहितो. पत्रासोबत पहिलं प्रकरण जोडलं आहे. विचारलंय ते असं: पाय बरे करू की नको? बहिणीला कसं बोलतं करू? आणि मी हे लिहावं की नाही?

---

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. लिहा. कुणी काय लिहावं याचा परवाना देणारं कार्यालय अजून तरी आपल्याकडे निघालेलं नाही, आणि बहिणीच्या होकाराला तुम्ही तसा परवाना समजत असाल तर तेही सोडून द्या. तिनं हो म्हटल्यानं चुकलेलं पान बरोबर होत नाही. मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी. आपल्या गोष्टींतली अपंग पात्रं बहुतेक धडधाकट माणसांनीच रंगवली आणि त्यांतली बरीचशी एकतर कपटी निघाली, नाहीतर केविलवाणी. मंथरेचं कुबड आपल्याला तिच्या कारस्थानाच्या आधी दिसतं. टीव्हीवरचा शकुनी लंगडतच आत यायचा. या रांगेत तुमचा राजा उभा राहू नये एवढं बघायचं. त्यासाठी गप्प बसून उपयोग नाही, नीट निरखावं लागतं.

आता बहीण. ‘तिला बोलायचंच नाही’ हे वाक्य तुमचं आहे. तिचं वाक्य वेगळं आहे, आणि ते तुम्हीच पत्रात उतरवून पाठवलंय. आठ प्रकरणं मन लावून वाचून एका ओळीत दिलेला तो अभिप्राय आहे. तुम्हाला हवा होता तसला तो नव्हता, एवढंच. तिला काय म्हणायचं होतं ते ती जाणे. पण तुमचं पहिलं प्रकरण वाचल्यावर मला एक शंका आली, आणि सगळं उत्तर त्या शंकेवरच उभं आहे.

तिसऱ्या पानावर तुमचा युवराज स्वतःशी म्हणतो, ‘माझ्यासारख्या पांगळ्यानं कसलं राज्य करायचं!’ पाचव्या पानावर पुन्हा तेच, वेगळ्या शब्दांत. आठव्यावर त्याची आई तेच म्हणते आणि पदरानं डोळे पुसते. म्हणजे त्याला गादी का नको, याचं उत्तर तुम्ही त्याच्या पायांत ठेवून दिलंत आणि मोकळे झालात. पाय बरे झाले की नकारही संपला. मग या मुलाकडे स्वतःचं असं उरलं काय? पाय गेले की गोष्टच गेली. तुमच्या बहिणीला या राजात आपले पाय दिसले असतील. बाकी ती कुठंच दिसली नसेल. 16 वर्षांच्या मुलीला कितीतरी गोष्टी नको असतात. सकाळचा क्लास नको असतो, मामाच्या ओळखीतलं स्थळ नको असतं, घरच्यांनी ठरवलेली कॉमर्सची फी नको असते. त्यातलं पायांमुळं किती असतं?

न इच्छिणारा राजा हे पात्र मोठं ताकदीचं आहे. पण त्याचा नकार कुठून आला, हे लेखकाला पक्कं ठाऊक हवं. आणि त्याहून आधीचा प्रश्न असा की, त्याला नको आहे हे म्हणालं कोण?

देवापीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शंतनूचा थोरला भाऊ. महाभारताच्या उद्योगपर्वात ती दुर्योधनाला सांगतो कोण, तर स्वतः आंधळा धृतराष्ट्र. देवापी प्रजेचा लाडका होता, अभिषेकाची तयारीही झाली होती, पण त्याला त्वचेचा रोग होता. हीन अंगाचा राजा देवांना रुचत नाही म्हणून ब्राह्मणांनी आणि वडीलधाऱ्यांनी अभिषेक अडवला. बाप रडला, देवापी रानात गेला. हीच गोष्ट बृहद्देवता या वैदिक देवतांवरच्या जुन्या ग्रंथात येते तेव्हा मात्र प्रजा त्याला गादी देऊ करते आणि देवापी आपणहून म्हणतो, मी राज्याला लायक नाही, शंतनूला बसवा. एका ठिकाणी लोकांनी त्याला नाकारलं, दुसऱ्या ठिकाणी त्यानंच नको म्हटलं. माणूस तोच, रोग तोच. निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या यास्काच्या ग्रंथात, आणखी पुढचं आहे. धाकटा गादीवर बसला आणि राज्यात 12 वर्षं पाऊस पडला नाही. मग ब्राह्मणांनीच शंतनूला ऐकवलं, थोरल्याला डावलून तू अधर्म केलास. अमळनेरसारख्या कोरडवाहू मुलखातल्या लेखकाला यात एक कादंबरी दडलेली दिसायला हरकत नाही.

आणि हे पोथीतच राहिलं असंही नाही. जन्मांध, बहिरे, मुके अशांना मनुस्मृतीनं वारशातून वगळलं होतं. हिंदू वारसाहक्कातली ही आडकाठी बरीचशी दूर करायला 1928 चा कायदा यावा लागला, आणि रोग, दोष किंवा शरीरव्यंग यांपायी कुणालाही वारसा नाकारता येणार नाही, हे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. आता गावात कायदा उघडपणे कुणी मोडत नाही. घरातला एखादा भाऊ चालू शकत नसेल, किंवा बहीण सासरी असेल, तर दुय्यम निबंधकाकडं नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि ओट्यावर बसून सांगतात, ‘त्यालाच नको होतं हो. त्याला काय करायचंय जमिनीचं? आम्ही आहोत ना सांभाळायला.’ सातबाऱ्यावरून एक नाव उतरतं. त्याला नको होतं हे त्याच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नसतं.

तुमच्या कादंबरीत काका आहे. पहिल्या प्रकरणात तो दोनदा येतो, दोन्ही वेळा प्रेमानं पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवतो. मी तुमच्या जागी असते तर ‘युवराजाला गादी नकोच आहे’ हे वाक्य सगळ्यात आधी या काकाच्या तोंडी घातलं असतं. मग प्रधानाच्या, मग आईच्या, आणि सगळ्यांत शेवटी, ऐकून ऐकून, त्या मुलाच्या. वाचणाऱ्या मुलांना हे बरोबर कळतं. आपल्याला काय नको हे घरचे परस्पर कसं ठरवतात, याचा त्यांना रोजचा अनुभव असतो.

एवढं केलं तरी एक काम उरतंच. सगळाच नकार पढवलेला निघाला तर तो मुलगा बिचारा ठरतो, म्हणजे आपण फिरून तिथंच. त्याला त्याचा स्वतःचा, खरा नकारही द्या. तो शोधायला लांब जायला नको, तुम्ही लिहून ठेवलाय आणि विसरलात. सहाव्या पानावर एक वाक्य आहे: ‘गढीतल्या सात विहिरींचं पाणी दर पौर्णिमेला गाठी मारलेल्या दोरीनं मोजायची युवराजाला सवय होती.’ अख्ख्या प्रकरणात एवढ्या एकाच ठिकाणी तो मुलगा मला जिवंत दिसला. दोरी सोडणारा, ओल्या गाठी बोटांनी मोजणारा, वहीत आकडा लिहिणारा. पुढच्या ओळीत तुम्ही त्याला पुन्हा रडवलंत.

त्या वहीत काय दिसत असेल? रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल गेले, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. तुमच्या राजाला राज्यात सगळ्यांच्या आधी कळलंय की पाणी दरवर्षी दोन गाठी खाली जातंय. जो गादीवर बसेल त्याला मळेवाल्यांना सांगावं लागणार, यंदा निम्म्या बागा सोडा. ते सांगणारा राजा त्याला व्हायचं नाही. हा नकार कुठल्याही शहाण्या माणसाचा आहे, त्याचा पायांशी संबंध नाही. आणि कुंडात बुडी मारून तो विरघळणारही नाही.

आता त्या 101 पायऱ्या. त्या कुणी बांधल्या? तुम्ही. रिवाजही तुम्हीच घातलात, मग त्या रिवाजापुढे मुलगा अडला म्हणून त्याचे पाय बदलायला निघालात. राजाच्या गोष्टीत मोठी सोय असते. बाकीच्यांना पायऱ्या आहेत तशा घ्याव्या लागतात. बँकेच्या, कॉलेजच्या, देवळाच्या. तुमची बहीण त्या रोज घेते. राजा मात्र पाथरवटाला बोलावू शकतो. की नाही बोलावू शकत? तिजोरी कुणाच्या हातात आहे? गढीला उतार बांधायला काढला तर पुजारी काय म्हणतील? पहिल्यांदा त्या उतारावरून कोण येईल? पखाल वाहणारा बैल, दिवस भरलेली बाई, गुडघे गेलेला म्हातारा चोपदार? इथं दोन प्रकरणं सहज होतील, आणि ती कुंडाच्या प्रकरणापेक्षा रंगतील.

तसं पाहिलं तर कुठला राजा स्वतःच्या पायांनी चालत होता? पालखी भोई उचलत, हत्ती माहूत चालवी, अंघोळ दुसरे घालत, पागोटं दुसरे बांधत. राजाला उचलणं हा मान, आणि तुमच्या बहिणीला व्हीलचेअरसकट चार पायऱ्या वर उचललं तर ती गैरसोय. काम एकच आहे. तुमच्या दरबारातला तो भोई कोण, याचा विचार करा. राजाला रोज उचलणारा माणूस सगळं ऐकतो, सगळं बघतो. महादजी शिंद्यांचा पाय पानिपतावर 1761 मध्ये जायबंदी झाला तो कायमचा. त्यांना तिथून वाचवून आणलं राणेखान नावाच्या भिस्त्यानं, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्यानं. महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि सरदार केलं. पुढं 1788 मध्ये गुलाम कादिर या रोहिल्या सरदारानं दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या शिंद्यांच्या फौजेचं नेतृत्व याच राणेखानाकडे होतं. बादशहाचे डोळे गेले म्हणून त्याची गादी गेली असं मराठ्यांनी मानलं नाही. शाह आलम पुन्हा तख्तावर बसला आणि 1806 पर्यंत, मरेपर्यंत, बादशहा राहिला. लंगडणारा सेनापती, पाणक्या सरदार, आंधळा बादशहा. एवढं आपल्या इतिहासात असताना ‘लंगडा राजा कोण मानणार’ हा संवाद तुमच्या प्रधानाला शोभेल, लेखकाला नाही.

तुमच्या राजाहूनही लहान वयाचा दाखला हवा असेल तर जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन आहे. 1174 मध्ये, वयाच्या 13 व्या वर्षी गादीवर आला. त्याला कुष्ठरोग होता. पुढं घोड्यावर बसवेना तेव्हा तो डोलीतून फौजेबरोबर गेला. त्याची नक्कल करू नका. फक्त डोलीत बसून हुकूम देताना कसं वाटत असेल, ते एकदा मनात आणून बघा.

मदतीचंच आणखी एक. लग्नाच्या मांडवात बघितलं असेल. वॉकर घेऊन आलेल्या मुलीला खुर्चीवर बसवतात आणि कुणीतरी सेवाभावी काका ‘पायात येतो’ म्हणून तो वॉकर उचलून भांड्यांच्या खोलीत नेऊन ठेवतात. पंगत उठते, सगळे हात धुवायला जातात, ती बसल्या जागी कुणाची तरी वाट बघत राहते. काकांच्या मनात वाईट काहीच नसतं. आता हेच दरबारात न्या. प्रधान हसतमुखानं, अदबीनं, राजाच्या कुबड्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायला सांगतो. राजा आता कुणाला तरी विचारल्याशिवाय उठू शकत नाही. बंड सुरू झालंय, तलवार म्यानातच आहे. तुमच्या पहिल्या प्रकरणात राजा सिंहासनावर चांगली चार पानं बसलाय आणि त्याच्या कुबड्या कुठं आहेत हे तुम्ही एकदाही सांगितलेलं नाही. बहिणीनं हे पहिल्या वाचनात हेरलं असणार.

असे तपशील गोळा करायला फार हिंडावं लागत नाही. पाऊस झाल्यावर काळ्या रानात कुबडी टेकून बघा. टोक रुततं, उपसताना तोल जातो, चिखलाचा गोळा चिकटून ती जड होते. तुमच्या जगात रबर नाही, मग टोकाला काय बसवलंय? लोखंडी शेंबी ओल्या फरशीवर घसरेल. ताठर स्नायू थंडीत, थकव्यात आणि मनावर ताण असताना जास्त आवळतात. अनेकांचं अंग अचानक आवाज झाला की दचकून आखडतं. तुम्ही राज्याभिषेकाला नगारा ठेवलाय. आणि त्याला घोडा द्या. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तिथं एखाद्या जुन्या घोडेवाल्याला गाठून विचारा की मांड्या ताठ असलेल्या माणसाला खोगिरावर कसं बसवाल, रिकीब कशी बांधाल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी घोडेस्वारीचा उपचार म्हणूनही उपयोग करतात, म्हणजे हे काही स्वप्नरंजन नव्हे.

एवढं झाल्यावर कुंडाकडे येऊ. उनपदेवचं गरम पाणी तुमच्या डोळ्यांपुढे असणार, कारण चोपडा तालुक्याच्या आसपासचा असा डोंगर तुम्ही ओळीओळीत उभा केलाय, आणि सुरेख केलाय. तुमच्या शिक्षकांना शेवट का आवडला तेही समजतं. आपण त्यावरच वाढलो. आदित्य राणूबाईच्या कहाणीत वाटेवर ‘काणा डोळा, मांसाचा गोळा’ पडलेला असतो, कहाणी ऐकली की त्याला हातपाय येतात, देह दिव्य होतो, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. व्रताच्या कहाणीत ते चालतं, तिथं देवाची सत्ता दाखवायची असते. तुमच्या पुस्तकात ते वाचणारी मुलगी मात्र शेवटचं पान मिटून वॉकर घेऊन उठणार आहे. तिला तुम्ही काय सांगितलंत? पाय बरे झाल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

शेवट बदलायचा तर पर्याय बरेच सुचतील, आणि त्यांतले दोन सापळे आहेत. पहिला: पाय बरे होत नाहीत, पण त्याबदली दिव्यदृष्टी मिळते. म्हणजे देवानं हिशोब चुकता केला. याचा वीट आलाय. दुसरा: कुंड पाय बरे करू शकतं, पण राजा बाणेदारपणे नको म्हणतो. हा ऐकायला भारी वाटतो, टाळ्याही मिळतील. पण 17 वर्षांचा मुलगा, रोज संध्याकाळी ज्याच्या पोटऱ्या दुखतात, तो बरं व्हायला नको का म्हणेल? त्याला तुम्ही पुन्हा आदर्श करून खांबावर चढवलंत. आणि त्याला मारू तर अजिबात नका. राज्यासाठी बलिदान देणारी अपंग पात्रं खूप झाली.

मला विचाराल तर कुंड ठेवा आणि त्याला तेवढंच करू द्या जेवढं गरम पाणी खरोखर करतं. गरम पाण्यात आवळलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही काळ उतरतं. राजा उतरतो, दोन घटका त्याला बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी थंडी पडते आणि पाय पुन्हा ताठतात. मग तो दर हिवाळ्यात तिथं येतो. त्याच कुंडात गुडघेदुखीचे म्हातारे, खरजेनं बेजार गुराखी बसलेले असतात. पाण्यात सगळे सारखेच बसतात, आणि वर दरबारात कुणी बोलत नाही ते तिथं बोलतात. राज्यातल्या कुठल्या विहिरी आटल्या, याची खरी बातमी त्याला तिथंच मिळू शकते. जादू तुम्हाला हवी ना? ती पाण्याला द्या, पायांना नको. गढीच्या विहिरी बोलू देत, नदी रुसू दे, देवापीच्या गोष्टीसारखा पाऊस अडून बसू दे.

आता भाषा. तुमचा राजा, त्याची आई, प्रधान, सगळे क्रमिक पुस्तकासारखं बोलतात. अहिराणी येते ती फक्त गढीचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या तोंडी, तीही हसू यावं म्हणून. बहीण तुमच्याशी बोलली ती अहिराणीत. राजा आपल्या आईशी तशी का बोलत नाही?

उरला तुमचा दुसरा प्रश्न, तिला बोलतं कसं करायचं. करू नका. ती तुमची मावसबहीण आहे, अभ्यासाचा नमुना नाही. ‘तुला कसं वाटतं’ हा प्रश्न तिला लहानपणापासून डॉक्टर, शिक्षक, लग्नातल्या बायका सगळ्यांनी विचारून झालाय. एकदा जाऊन एवढं सांगा की तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी पुन्हा लिहितोय. तिथं थांबा, वही पुढे करू नका. तिनं आपणहून विचारलं तर नेमकं काहीतरी विचारा, जे एका ओळीत सांगता येईल: कुबड्या घेऊन हातात घागर कशी नेशील? (नेता येत नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात. पाठीला किंवा गळ्यात अडकवावी लागेल. तुमच्या रिवाजातली घागर इथंच फुटली.) तिला सांगायचं नसेल तर विषय सोडा. आणि तिनं मदत केलीच तर पुस्तकात आभार मानण्याआधी विचारा, नाव छापलेलं तिला चालेल का. तिच्या परवानगीशिवाय ‘माझ्या अपंग बहिणीवरून सुचलेली कादंबरी’ असं कुठंही, कुणालाही सांगू नका. प्रकाशकांना तर नकोच, त्यांना तेवढं एकच वाक्य लक्षात राहील.

माहिती लागेल ती मोठ्या माणसांकडून घ्या. कुबड्या वापरत आयुष्य काढलेले शिक्षक, शिंपी, दुकानदार तुमच्या तालुक्यात आहेत. पूर्वीच्या पोलिओच्या साथींतली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, विशेषतः एसटीत चढण्याबद्दल. त्यांचा वेळ घ्याल तर जमेल तसं मानधन द्या, निदान प्रवासखर्च. फिजिओथेरपिस्टला एक प्रकरण वाचायला द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, ती यादी एकदा नजरेखालून घाला. तुमच्या राज्यात एकटा राजाच अपंग आहे आणि बाकी अख्खी प्रजा ठणठणीत, असं कसं होईल? लढाया होऊन गेलेलं राज्य आहे ते. एक हात गमावलेले शिपाई असतील, देवीच्या साथीत डोळे गेलेली माणसं असतील, बहिरी आत्या असेल जिला दरबारातलं सगळं ओठांवरून कळतं. राजाला अशा चार माणसांत बसवलंत की त्याच्यावरचा भार आपोआप हलका होईल. एकट्यानं सगळ्यांचं प्रतिनिधित्व करायचं काम राजाला नको आणि तुम्हालाही नको.

आणि हे पुन्हा लिहून झालं की शिक्षकांना, मित्राला किंवा मला पाठवू नका. बारा ते पंधरा वर्षांची तीन-चार मुलं गाठा, जमलं तर त्यातलं एखादं अपंग असू दे, पण त्याला वेगळं काही विचारू नका. अपंग राजाची गोष्ट आहे, असं आधी सांगू नका. विहिरींची गोष्ट आहे म्हणा. पेन्सिल द्या आणि सांगा, जिथं कंटाळा आला तिथं फुली मारा, जिथं पुढं काय झालं ते कळल्याशिवाय जेवायला उठावंसं वाटलं नाही तिथं गोल करा. फुल्या मोजून घ्या आणि त्या पानांना बसा. पहिली चाळीस पानं तर मला वाटतं निम्म्यावर येतील, कारण राजाचं रडणं गेलं की तिथं फारसं काही उरत नाही.